धुतलेल्या मिरच्या

माझ्या जावेने बाजारातून आलेल्या वस्तू धुणं लॉकडाऊनच्या पहिल्या उन्हाळ्यातच सोडून दिलं होतं. भाजी चिरताना धुवायची, ती कोणीही धुतं तशी. पण पिशवी दारातच थांबवायची, दुधाची पिशवी साबणाने घासायची, बिस्किटाचा पुडा सॅनिटायझरने पुसायचा, मिठालासुद्धा आंघोळ घालूनच घरात घ्यायचं, हे जे आमच्या सगळ्या बिल्डिंगने सुरू केलं होतं, ते तिने महिन्याभरात गुंडाळलं. आणि तिला काहीही झालं नाही. हेच माझं दुखणं. तिला काही व्हावं असं मला वाटत नव्हतं, देवाशपथ. पण इतक्या निवांतपणे तिला काही न होणं मला बघवत नव्हतं.

आम्ही बदलापूरला मांजर्लीत राहतो. एकाच बिल्डिंगमध्ये दोन भावांची दोन घरं. मी मोठी सून, तिसऱ्या मजल्यावर. ती धाकटी, पहिल्यावर. दोन्ही घरांत एकेक मूल आहे, पण ती मुलं या हकिकतीत फारशी येणार नाहीत, कारण तेव्हा दोघंही शाळेच्या नावाखाली मोबाईलमध्ये गडप झाली होती. आमचे हे शहाडच्या एका कारखान्यात. सुरुवातीचे थोडे दिवस सोडले तर कारखाना चालूच होता, कंपनीची बस सकाळी कोपऱ्यावर येऊन हॉर्न द्यायची. धाकटे दीर कंप्युटरवाले. ते घरात बर्म्युडा घालून काम करायचे आणि वर तक्रार करायचे की घरात बसून कंटाळा आला. मी त्या जिन्यावरून जाताना ते ऐकायची आणि दात आवळायची.

आणि सासूबाई माझ्याकडे. वयाने सत्तरीच्या पुढे, साखर वाढलेली, चालताना दम लागणारा. टीव्हीवर रोज जे सांगत होते की अमक्यांनी जपा, तमक्यांनी जपा, त्या सगळ्यात त्या बसायच्या. म्हणून मी धूत होते. माझ्यासाठी नाही. माझं काय, मी उद्या मेले तरी चालेल असं म्हणणारी बाई आहे मी. पण त्यांना काही झालं असतं तर मी कोणाकडे बघून जगले असते?

हे जरा सांगायला हवं, नाहीतर कोणी म्हणेल सासूसाठी कोण एवढं जळतं. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. अंबरनाथला मामाच्या घरी मी वाढले, म्हणजे तिथे मला जेवायला मिळालं आणि मी भांडी घासली. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या रविवारी सासूबाईंनी मला समोर पाटावर बसवलं आणि माझ्या डोक्याला तेल लावलं. खोबरेल तेल कोमट करून, टाळूवर थापून, मग बोटांनी जिरवून. मी रडायला लागले तर त्या म्हणाल्या, "जोरात लागला काय गो हात?" त्यानंतर जवळजवळ दर रविवारी. माझ्या मुलाला मिसरूड फुटली, माझे केस कानावर पांढरे झाले, तरी रविवार आला की मी पाटावर. शेजारणी हसायच्या. हसू देत, त्यांच्या सासवा त्यांना काय लावतात ते मला माहीत आहे.

जावेला स्वतःची आई आहे. उल्हासनगरला, कॅम्प चारला, ठणठणीत. फोनवर तिचा आवाज दुसऱ्या खोलीत ऐकू येतो. मग हिला माझ्या सासूबाईंत वाटेकरी कशाला व्हायचं होतं, हा माझा साधा सवाल होता.

तर धुण्याचं. माझी पद्धत ठरलेली होती. दाराबाहेर एक मोठं टब, दाराच्या आत दुसरं. बाहेरच्यात साबणाचं पाणी, आतल्यात मीठ आणि खायचा सोडा. टोमॅटो, वांगी, दोडकी आधी बाहेर, मग आत, मग जुन्या चादरीवर पंख्याखाली. पुडे, डबे, तेलाची कॅन बाल्कनीतल्या खोक्यात, तिथे ते दोन-तीन दिवस पडून राहायचे आणि मगच त्यांना घरात प्रवेश. पालेभाजी धुणं सर्वांत वाईट. कोथिंबीर तर धुऊन धुऊन अशी व्हायची की पाण्यातून शेवाळ काढलंय असं वाटायचं. पाणी सकाळी यायचं तेवढ्यात हे सगळं, शिवाय ह्यांचे कारखान्याचे कपडे, शिवाय आंघोळी. माझ्या बोटांची सालं निघाली. हळद लागली की झोंबायचं.

हे धुणं माझ्या अंगात पुराच्या वर्षीपासूनच होतं. उल्हास नदीचं पाणी आमच्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यात शिरलं होतं, जावेचं सगळं स्वयंपाकघर चिखलात. तेव्हा तिचा एकेक डबा मीच वर आणून फिनेलने, मग साबणाने, मग कढत पाण्याने काढला होता. तेव्हा हीच जाऊ सगळ्यांना सांगायची, ताई होत्या म्हणून माझा संसार परत उभा राहिला. सासूबाई म्हणाल्या होत्या, हिच्या हातात गंगा आहे. तेव्हा माझं धुणं गुण होतं. दीड वर्षात त्याचं खूळ कसं झालं, हे मला कोणी समजावून सांगितलं नाही.

हळूहळू बिल्डिंगमधल्या एकेकीने टब आत घेतलं. दुसरा उन्हाळा लागेपर्यंत दाराबाहेर फक्त माझंच होतं. येणारे-जाणारे त्याला वळसा घालून जायचे. आणि मग जावेने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. कोणी डॉक्टर शांतपणे सांगत होते की हा आजार मुख्यतः श्वासातून पसरतो, भाजीपाला साबणाने धुऊ नका, नुसत्या पाण्याने पुरे, पुडे पुसत बसण्यापेक्षा खिडक्या उघड्या ठेवा, मास्क नीट लावा, हात धुवा. खाली जावेने लिहिलं होतं, "ताई, नक्की बघा हं." त्या 'हं'ने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी व्हिडिओ पूर्ण बघितला, आणि बघितला नाही असं दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिच्या देखत, मुद्दाम, दोन वेळा घासली दुधाची पिशवी.

त्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "मी खाली जाऊन राहते थोडे दिवस."

मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "का? काय कमी पडलं?"

त्या म्हणाल्या, "कमी काय नाय. पण हितं मला हात लावायला काय नाय. भाजी तू धुतेस, तूच निवडतेस, डब्यात भरतेस. पिशवीला हात लावला की ओरडतेस. मी नुसती बसून. देव्हाऱ्यातला देव पण बरा, त्याला कोणी फुलं तरी वाहतं."

"तुमच्यासाठीच करते ना मी?"

"माझ्यासाठी करतेस, पण माझ्याजवळ कुठं येतेस?"

हे मात्र खरं होतं. ह्यांच्या कारखान्यामुळे मी आमचं तिघांचं अंग सासूबाईंपासून लांब ठेवत होते. त्यांचं ताट वेगळं, त्यांची खोली वेगळी, रविवारचं तेल कधीचंच बंद. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं असं थोडंच आहे? पण कोणीतरी शिस्त पाळायला नको? संध्याकाळी दिरांनी येऊन त्यांची पिशवी उचलली. जावेने जिन्यातूनच आवाज दिला, "आई, सावकाश या, मेथी आणलीये, बसून निवडू." मेथी. पिशवीतून थेट. साबण नाही, सोडा नाही, कोणा कोणाच्या हातची माती लागलेली. आणि सासूबाई सत्तरीच्या बाईने उतरू नये इतक्या भरभर जिना उतरल्या.

त्यानंतरचे माझे दिवस कसे गेले ते सांगायची लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. आमच्या बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते. पहिल्या मजल्यावरचं स्वयंपाकघरही त्याच डक्टला. खालचं बोलणं वर अगदी स्वच्छ येतं. मी बादली नळाखाली लावायची आणि नळ सोडायचाच नाही. उभी राहून ऐकायची. खाली सासूबाई बोलत होत्या. माझ्या घरात महिना महिना गप्प असलेली बाई खाली तोंड बंद करत नव्हती. माहेरच्या ओढ्याची गोष्ट, लग्नात नथ हरवली ती गोष्ट. नथेची गोष्ट मला सांगितली होती त्यांनी, मलाच, मला वाटायचं मला एकटीलाच. आणि जाऊ "अय्या, मग?" करत होती. अय्या, मग. इतकी काही भोळी नाहीये ती.

बाल्कनीतून मी दोरीला पिशवी बांधून खाली डबा सोडायची. सासूबाईंना आवडते ती पडवळाची भाजी, नाचणीची भाकरी, कधी उकडीचं काही. रिकामा डबा परत द्यायचा नाही ही आपली रीत, त्यामुळे जाऊ डब्यात काहीतरी घालून पाठवायची. कधी सुकटाचं कालवण, कधी सांडगे. मी डबा वर ओढला की आधी बाहेरच्या टबात बुडवायची. एकदा झाकण नीट लागलेलं नव्हतं, कालवणात साबणाचं पाणी गेलं. मी ते ओतून दिलं आणि फोनवर सांगितलं, छान झालं होतं, मीठ जरा पुढे. आमच्या ह्यांनी ऐकलं. म्हणाले, "तू तिच्यावर जळतेस." मी म्हटलं, "हो, जळते. तुमचं काय जातंय?" ते पेपर उघडून बसले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याला एवढं तरी कळतं.

आणि मग तो रविवार. दिरांकडे एक कागद द्यायला मी मास्क लावून पहिल्या मजल्यावर गेले. दार उघडंच होतं, त्यांच्याकडे सतत उघडंच असतं, हवा खेळती राहावी म्हणे. आत जाऊ पाटावर बसली होती. तिचे केस मोकळे. मागे सासूबाई खुर्चीवर, हातात वाटी. तेल जिरवत होत्या. जावेचे डोळे मिटलेले. मी कागद चपलांच्या स्टँडवर ठेवला आणि वर आले. वर येऊन मी खोक्यातले सगळे पुडे बाहेर काढले आणि पुसलेलेच परत पुसले. मला काय वाटत होतं ते अगदी साध्या शब्दांत सांगायचं तर मला तिला त्या पाटावरून हाताला धरून उठवायचं होतं.

पण सासूबाई कायमच्या गेल्या नव्हत्या. त्यांनी मला फोनवर सांगितलं होतं, "मिरची मागवून ठेव. मसाला दरवर्षीसारखा वरच करायचा, तुझ्याकडं. मिरची वाळली की मी येते भाजायला, मग राहीन तिकडंच." वर्षाचा मसाला म्हणजे आमच्याकडे सणच असतो. दोन्ही घरांचा एकत्र. बेडगी, संकेश्वरी, थोडी काश्मिरी, गच्चीवर वाळवायची, देठं काढायची, मग धणे, दगडफूल, जायपत्री, हळकुंड सगळं वेगवेगळं भाजून डंखाच्या गिरणीवर नेऊन कुटून आणायचं. भाजण्याचं काम सासूबाईंचं. कढईसमोर त्या, शेजारी मी. जाऊ फक्त बरण्या भरायला यायची. मला वाटलं, चला, आलाच दिवस. मिरची वाळायला किती दिवस लागतात? बाजारची मिरची आधीच वाळलेली असते, नुसतं दोन दिवस ऊन दाखवायचं.

कॅम्प चारमधला आमचा नेहमीचा सिंधी व्यापारी. मी फोन केला. तो म्हणाला, "भाभी, टेंपो बदलापूर को आ रहा है, भेज देता हूँ. माल एकदम सूखा है, बस धूप दिखा देना." मिरची आली. गोणपाटात. हमालाने खांद्यावर टाकून आणली, तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत, मास्क हनुवटीखाली. गोणीवर तो दोनदा खोकला. पैसे मोजताना एकदा शिंकला.

त्या दिवसांत आमच्या रस्त्याने अँब्युलन्स जायची तेव्हा माणसं टीव्हीचा आवाज वाढवायची. समोरच्या बिल्डिंगमधले काका दवाखान्यात गेले ते घरी आलेच नाहीत. आणि मी त्या गोणीसमोर उभी. डोळ्यांसमोर हेच, की सासूबाई आता या मिरच्या एकेक करून हातात घेणार. देठं मोडणार, त्याच हाताने घाम पुसणार, पदराने नाक पुसणार. तो व्हिडिओतला डॉक्टर मला आठवत होता. सगळं बरोबर असेल त्याचं. पण त्याच्या सासूबाई माझ्याकडे राहायला येणार नव्हत्या.

मी मिरच्या धुतल्या.

कोणी मसाल्याची मिरची धुतं? कोणी नाही. मला ते माहीत नव्हतं का? होतं. घरात कोणी नसताना दार लावून धुतल्या, यातच सगळं आलं. बाथरूममध्ये मोठ्या टबात, मिठाच्या पाण्यात, साबण नको एवढं भान होतं. पाणी लालभडक झालं. माझे डोळे, नाक, बोटं, सगळी आग आग. मी खोकत होते आणि धूत होते. मग गच्चीवर जुन्या साड्या अंथरून पसरल्या. तिसऱ्या दिवशी वरून अगदी कोरड्या दिसायला लागल्या. लाल, चकचकीत, उलट नेहमीपेक्षा स्वच्छ. मला इतका अभिमान वाटला की मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. सासूबाईंना फोन केला, आई, मिरची तयार आहे, या.

संध्याकाळी त्या गच्चीवर आल्या, मास्क लावून, जावेचा हात धरून. मी लांबच उभी. त्या वाकल्या, एक मिरची उचलली आणि दोन बोटांत धरून वाकवली. वाळलेली मिरची कट्कन मोडते. ही मोडली नाही. वाकली, आणि बोट सोडल्यावर परत सरळ झाली. त्यांनी दुसरी घेतली. तीही तशीच, वातड. मग त्यांनी देठ उपटून आत बघितलं, आणि माझ्याकडे बघितलं.

"मिरची धुतलीस काय गो?"

जावेने तोंडावर हात ठेवला. मास्कवर. म्हणाली, "ताई, मिरची पण?" आणि तिला हसू आवरेना. मग सासूबाईही हसायला लागल्या. दम लागेपर्यंत हसल्या. एकमेकींच्या दंडाला धरून त्या दोघी हसत होत्या, आणि मी मिरच्यांच्या पलीकडे उभी होते. हसण्यात वाईट काही नव्हतं. पण मला त्या दोघींचं एकत्र हसणं असं लागलं की मिरचीच्या पाण्याने डोळ्यांची झाली नव्हती इतकी आग झाली.

हसू थांबल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आता असाच कुटला तर मसाल्याला महिन्याभरात बुरशी धरेल. बियांपर्यंत पाणी गेलंय. कडक ऊन लागू दे आठ-दहा दिवस. रात्री आत घे, दव लागू देऊ नको. खणखणीत वाळली की येते."

आठ-दहा दिवस. माझ्या हाताने मी त्यांना आठ-दहा दिवस आणखी खाली ठेवलं.

आणि त्याच दिवसांत ह्यांना ताप आला. आधी अंगदुखी, मग ताप, मग तपासणी, मग तो निकाल जो तेव्हा सगळ्यांनाच माहीत होता. दोन दिवसांनी मला. मुलाला नुसती कणकण आली आणि गेली. कंपनीच्या बसमधले निम्मे लोक झोपले होते. एसी बस, काचा बंद, आणि कोणीतरी एक तापाची गोळी घेऊन कामावर येत होता. डॉक्टरांशी फोनवर बोलताना मी म्हटलं, "पण डॉक्टर, मी सगळं धुते हो. मिठाची पिशवीसुद्धा." ते दमलेले होते बिचारे. म्हणाले, "वहिनी, हात धुवा, तेवढं पुरे. हे बसमध्ये श्वासातून आलंय, पिशवीतून नाही."

पडल्या पडल्या मी एकच हिशोब करत होते. मिरच्या धुतल्या नसत्या, तर सासूबाई त्या आठवड्यात माझ्या स्वयंपाकघरात कढईसमोर असत्या. आमचे हे ताप येण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत घरात फिरत होते, शिंकत नव्हते, खोकत नव्हते, सगळं नॉर्मल. मी आणि सासूबाई शेजारी शेजारी बसलो असतो, मसाल्याच्या ठसक्याने खोकत, दार-खिडक्या लावून, कारण भाजताना ठसका शेजाऱ्यांकडे जातो म्हणून आम्ही खिडक्या लावतो. तेव्हा धुण्याचा काहीच उपयोग झाला नाही असं मला कोणी सांगू नका. जावेला हे मी कधी सांगितलेलं नाही. तिला वाटू दे, मी वेडी आहे.

आजारपणात आमचं सगळं तिनेच केलं. हे लिहिताना माझा हात जड होतो, पण केलं. दाराशी डबा ठेवून बेल वाजवायची आणि जिना उतरून मगच ओरडायची, "ताई, घ्या हो." ऑक्सिजन मोजायचं यंत्र कुठून तरी मिळवून दिलं. रोज सकाळी गच्चीवर जाऊन माझ्या मिरच्या पसरायची, संध्याकाळी गोळा करायची. एक दिवस फोनवर म्हणाली, "ताई, मिरची खणखणीत झालीये. आई म्हणतात वाट बघण्यात अर्थ नाही, पाऊस यायच्या आत करून टाकू. आम्ही इथेच भाजतो."

"करा," मी म्हटलं.

मसाला त्यांनी खाली भाजला. मी बाथरूममध्ये जाऊन खिडकीशी उभी राहिले, भिंतीला धरून. डक्टमधून कढईचा आवाज येत होता, उलथन्याचा आवाज येत होता, सासूबाई सांगत होत्या, "धणे आता काढ, करपतील." वास येत नव्हता. माझा वास गेलेला होता. दरवर्षी तो वास माझ्या केसांत, ब्लाउजमध्ये चार दिवस राहायचा. त्या वर्षी तो जावेच्या केसांत राहिला. मी तापात होते, नवरा शेजारच्या खोलीत कण्हत होता, जगात काय काय चाललेलं, आणि मी तिथे उभी राहून रडत होते ती याच्यासाठी. कोणाला हे खोटं वाटेल. ज्यांना कोणाचा हेवा वाटलेला नाही त्यांना वाटेल.

बरं व्हायला आम्हाला महिना गेला. त्या महिन्यात मी काही धुतलं नाही. ताकदच नव्हती. मुलगा पिशव्या आणायचा आणि ओट्यावर ठेवायचा, मी बघायची आणि मान वळवायची. पुढे ताकद आली तरी टब बाहेर ठेवलं नाही. ते डॉक्टर बरोबर होते, व्हिडिओतलेही आणि फोनवरचेही. जाऊही बरोबर होती. मला ती बरोबर असलेली आवडत नाही, पण म्हणून मी दूध घासत बसणार नव्हते.

मग सासूबाईंचा फोन आला. "झालात ना बरे? मी पिशवी भरलीये."

मी जिना उतरून खाली गेले. दारात त्या उभ्या होत्या. हातात कापडी पिशवी, वरून साखरेच्या गोळ्यांचा डबा दिसत होता, मिश्रीची डबी दिसत होती. नवं लुगडं नेसल्या होत्या. माझ्याकडे यायला त्या नवं लुगडं नेसल्या होत्या. मागे जाऊ उभी, तिचा चेहरा उतरलेला. तो उतरलेला चेहरा बघून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. महिनाभराचं दुखणं त्या एका क्षणात निघून गेलं.

आणि मी म्हटलं, "आई, तुम्ही इथेच राहा."

"का? पिशव्या धुतेस काय अजून?"

"नाही. सोडलं ते."

"मग?"

"हे सोमवारपासून परत बसने जाणार. तीच बस, तीच माणसं. पिशव्या धुता येत होत्या आई. ह्यांचा श्वास मी कुठे नेऊन धुऊ? इथे भावोजी घरात असतात. बाहेरचं कोणी येत-जात नाही. तुमची लशीची दुसरी सुई व्हायचीये. इथे राहा."

मला वाटलं, आता त्या म्हणतील, मी येणारच, मला काय व्हायचंय ते होऊ दे. हट्टी बाई आहे, आयुष्यभर हट्ट केले. एकदा म्हणाल्या असत्या तर मी हरले असते, मी पिशवी त्यांच्या हातातून घेऊन वर धावले असते, काय व्हायचं ते झालं असतं. मी वाट बघितली. खरंच बघितली.

"बरं," त्या म्हणाल्या. "तू म्हणतेस तर." आणि मागे न बघता त्यांनी पिशवी मागे धरली. जावेने ती घेतली. मागे कोण उभं आहे हे बघावं लागलं नाही त्यांना.

सासूबाई आत गेल्या. जाऊ दारात थांबली. तिचे डोळे भरले होते. म्हणाली, "ताई, तुम्ही काळजी करू नका. मी जपेन त्यांना."

"जप," मी म्हटलं.

जपेन म्हणे. मी काय करत होते मग इतकी वर्षं?